पाच जुनी गाणी

रोहा

चि. भाच्यास,

एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बममधली पाच गाणी बाकीच्यांहून वेगळी का वाजतात, असं विचारलंस. तुझा कान पक्का आहे! बारापैकी ती पाच मेम्फिसला, सॅम फिलिप्सच्या सन रेकॉर्ड्समधली. उरलेली सात आरसीए व्हिक्टरने १९५६च्या सुरुवातीला नॅशव्हिल आणि न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केली. नोव्हेंबर १९५५मध्ये आरसीएने ३५,००० डॉलर मोजून सॅमकडून एल्व्हिसचा करार घेतला, आणि पडून राहिलेल्या जुन्या टेपाही त्यासोबत आल्या.

सॅमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. एका टेप मशीनवरचा आवाज दुसऱ्यावरून किंचित मागाहून परत यायचा, की गाणाऱ्याच्या पाठोपाठ त्याचाच आवाज धावतोय असं वाटायचं. आरसीएला तोच घुमारा हवा होता. नॅशव्हिलला त्यांनी बोळातला घुमारा वापरून पाहिला, पण तो जडच राहिला. तुमच्या पेणची कच्ची गणेशमूर्ती परगावी कितीही छान रंगवली, तरी डोळ्यांची आखणी पेणच्याच हाताने व्हावी लागते, तसं हे.

‘ब्लू मून’ नीट ऐक. १९५४च्या ऑगस्टमधलं आहे, पोरगा एकोणीस वर्षांचा. मागे नुसती मंद टकटक, दबकी गिटार. मूळ गाण्यातला मधला भाग तो गाळतो आणि तिथे शब्दांऐवजी उंच, पातळ सूर लावतो. अख्ख्या अल्बममध्ये मला याच्याइतकं धाडसाचं दुसरं काही वाटत नाही.

सॅमने सोनं मातीमोल विकलं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. छोट्या कंपनीला त्या पैशांची निकड होती, आणि कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश तिथेच वर आले. अल्बमची सुरुवात ज्याने होते ते ‘ब्लू स्वेड शूज’ पर्किन्सचंच, सननेच काढलेलं. ते गाजत असताना, टीव्हीवर गायला न्यूयॉर्कला निघालेला पर्किन्स मोटार अपघातात जबर जखमी झाला. एल्व्हिसचा अल्बम त्याच आठवड्यात, २३ मार्च १९५६ला आला आणि पुढे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर दहा आठवडे राहिला. पर्किन्सचं मला फार वाईट वाटतं.

रविवारी मेमूने ये. त्याचं मूळ गाणं काढून ठेवतो, दोन्ही लागोपाठ ऐकू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा