सफारीच्या आत

मुंबईत मरोळच्या पोलीस कॅम्पाच्या आसपास लहानाचे मोठे झालेल्यांना सफारी सूट नक्की आठवत असेल. त्या काळी साध्या वेशातला पोलीस म्हटलं की हाच वेश: पँटबाहेर सोडलेला सैल सफारी आणि आत उजव्या कमरेला ०.३८ चं रिव्हॉल्व्हर.

आमच्या मजल्यावर एक फौजदारकाका राहायचे. चामड्याचं झडपेचं होल्स्टर गणवेशावर शोभायचं, पण शर्टाखाली ते फुगायचं, म्हणून काका हत्यार नुसतंच पँटमध्ये खोचत. रिव्हॉल्व्हरची गोल चक्री कमरेत रुतायची. मे महिन्यात घामाने कातडी सोलवटायची, म्हणून मध्ये घडी घातलेला रुमाल. लोकलने अंधेरीहून बोरिवलीला उभ्याने जाताना कोपर सतत कमरेला दाबून धरावं लागे. निवृत्तीनंतरही काकांचा उजवा हात चालताना मोकळा हलत नसे. या सगळ्याची तक्रार त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. करायला हवी होती, असं मला आज वाटतं.

पण हत्यार जवळ बाळगावं, असाच तो काळ होता. १६ नोव्हेंबर १९९१ ला अंधेरीतल्या लोखंडवालात पोलीस आणि गुंडांची चकमक झाली, १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीतच संगीत निर्माते गुलशन कुमार यांची हत्या झाली. बिल्डरांच्या, निर्मात्यांच्या गाड्यांत पुढच्या सीटवर सफारीतले अंगरक्षक दिसू लागले.

आज सफारी गेला. अंगाबरोबर बसणारे टी-शर्ट आले, जीन्स आली. चपटी पिस्तुलं आली आणि कमरपट्ट्याच्या आत बसणारी, ट्रिगर पूर्ण झाकणारी कडक प्लास्टिकची होल्स्टरं मिळू लागली. कातडी सोलवटणं कमी झालं, पण हत्यार कुठे लावायचं हा प्रश्न तसाच राहिला. उलट वाढला. गाडीत चालकाशेजारी बसणाऱ्याचा सीटबेल्ट नेमका उजव्या कमरेपाशी अडकतो आणि २०२२ पासून मुंबईत त्याबाबत सक्ती वाढली. हत्यार डाव्या कमरेला उलटं लावलं तर गाडीत बरं पडतं, पण लोकलच्या गर्दीत त्याची मूठ समोरच्याच्या हाताशी येते. पुढे पोटाशी लावलं तर बसताना पोटात घुसतं. पाठीच्या मधोमध लावून मोटरसायकलवरून पडलं तर मणक्याची खैर नाही. उपनगरातल्या दगदगीत उजव्या कमरेच्या किंचित मागची, कोपराखाली येणारी जागाच मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. सोबत जाड, न वाकणारा पट्टा हवा.

परवानाधारक नागरिकांचंही तेच. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी साधारण अर्धा किलोचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणलं, पण साडी किंवा कुर्त्यावर ते लावायचं कुठे, याचा विचार कुणी फारसा केला नाही. पर्समध्ये ठेवलं तर पर्सबरोबर हत्यारही जातं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच सुरक्षित वेष्टनात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावं लागतं. कमरेचं पिस्तूल रीलमध्ये मिरवणाऱ्यांनी हे वाचावं.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना एकच विनंती: काकांसारखं हत्यार नुसतं खोचू नका. होल्स्टर घेतल्यावर पूर्ण रिकामं केलेलं हत्यार त्यात लावून घरातच बसा, वाका, जिना चढा. हात सारखा कमरेकडे जात असेल, तर जागा बदला.