कसर

आजीच्या खोलीत पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तिच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेले, आजीचे लग्नातले इरकली लुगडे असे. अंग सुती, पदर अस्सल रेशमी, तांबडा. "तुझ्या लग्नात तुला देईन," असे ती मला लहानपणापासून सांगत आलेली. स्वतः ती ते चार-पाच वेळाच नेसली असेल.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या खिडकीत तिळाएवढे ठिपकेदार किडे दिसू लागले. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. पण मनात काही आले नाही. केरसुणीने झाडून टाकले.

दिवाळीत ट्रंक उघडली. सुती अंग जसेच्या तसे. पदराची मात्र चाळणी झालेली. घडीघडीत केसाळ काती पडल्या होत्या. "कसर लागली," आजी एवढेच म्हणाली.

एक जिवंत अळी सापडली, ती काडेपेटीत घालून कॉलेजात नेली. सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटली: अँथ्रेनस. यातल्या एका जातीला लिनीयसने १७६७ साली नाव दिले आहे. प्रौढ भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा. तो फुलांतले पराग खातो आणि उजेडाकडे जातो, म्हणून खिडकीत सापडतो. खादाड ती अळी. लोकर, रेशीम, पिसे, मेलेले किडे, हे सारे तिला पचते. स्वच्छ सुताला ती सहसा तोंड लावत नाही. अंधार मिळाला आणि कोणी हलवले नाही, की महिनोन् महिने ती गुपचूप खात राहते. प्रयोगशाळेतल्या जुन्या फुलपाखरांच्या पेटीत भुकटी का साचते, तेही त्या दिवशी कळले.

घरी येऊन आजीला सारे सांगितले. खिडकीतले किडे मीच झाडून टाकले होते, हेही सांगितले. वाटले, रागावेल.

"तुझं काय चुकलं गं?" ती म्हणाली. "दरवर्षी पावसाळा सरला की मी ऊन दाखवत होते. गुडघे धरले, ट्रंक ओढवेना. तुम्ही सगळे आपापल्या गडबडीत. सांगायचं जिवावर आलं."

किती वर्षे, हे मी विचारले नाही.

आता महिन्यातून एकदा मी ट्रंक उघडते. कपडे झटकते, उन्हात घालते. आजी शेजारी बसून एकेकाची हकिगत सांगते. लुगड्याच्या सुती अंगाची तिने वाकळ शिवायला घेतली आहे. ती ट्रंकेत ठेवायची नाही, पांघरायची, अशी तिची ताकीद आहे.