एडलवाइस नसलेली पत्रिका

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून निघालेली गाडी साधारण दोन तासांत न्यू हेवनला पोचते. या गावाच्या नाट्यइतिहासाचं मूळ याच अंतरात आहे. ब्रॉडवेच्या टीकाकारांच्या नजरेपासून दूर, तरी नेपथ्य आणि पोशाख गाडीत घालून सहज नेता येतील इतकं ते जवळ. म्हणून निर्माते नवी संगीतिका आधी इथे लावत, प्रेक्षक कुठे रमतात, कुठे चुळबुळतात ते बघत आणि रातोरात गाणी बदलत. त्या चाचणी प्रयोगांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका मी जमवते. ज्या गावात त्या वाटल्या गेल्या ते पाहायचंच होतं.

कॉलेज स्ट्रीटवरचं शूबर्ट थिएटर १९१४ सालचं. शेजारी टॅफ्ट हॉटेलची उंच इमारत. आता तिथे लोक भाड्याने राहतात, पण एकेकाळी नाटकवाल्यांचा मुक्काम तिथेच असे. ‘ऑल अबाउट ईव्ह’ या चित्रपटातलं न्यू हेवन म्हणजे हेच थिएटर आणि हेच हॉटेल.

११ मार्च १९४३ रोजी इथे ‘अवे वी गो!’ नावाची संगीतिका उघडली. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीचं हे पहिलंच काम. पुढे बॉस्टनचा मुक्काम झाला आणि ३१ मार्चला न्यूयॉर्कमध्ये तीच संगीतिका ‘ओक्लाहोमा!’ या नावाने आली. ब्रॉडवेवर तिचे २,२१२ प्रयोग झाले. न्यू हेवनच्या पत्रिकेवर मात्र जुनंच नाव आहे. ‘बॉइज अँड गर्ल्स लाइक यू अँड मी’ हे गाणंही तेव्हा नाटकात होतं, ते वाटेतच गळालं. ही संगीतिका काढणाऱ्या थिएटर गिल्डची कागदपत्रं इथून चालत जाण्याच्या अंतरावर, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. ज्या गावात नाटक पहिल्यांदा उभं राहिलं तिथेच त्याचे कागद जपले जावेत, याचं मला फार समाधान वाटलं.

पण माझं मन सर्वांत जास्त गुंतलं ते ४ फेब्रुवारी १९५६ च्या रात्रीत. ‘माय फेअर लेडी’चा पहिला प्रयोग. ज्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी ‘ती फुलराणी’ केलं, त्याच शॉच्या नाटकावरची ही संगीतिका. बाहेर बर्फाचं वादळ आणि आत नायक रेक्स हॅरिसन अडून बसलेला. पूर्ण वाद्यवृंदाबरोबर गायची त्याला धास्ती वाटत होती. प्रयोग रद्द झाल्याचं जाहीरही झालं, तरी बर्फ तुडवत लोक येतच राहिले. शेवटी त्याची समजूत निघाली आणि पडदा वर गेला. नाटक गाजलं, पण लांबलं होतं. हॅरिसनचं ‘कम टू द बॉल’ लगेच कापलं गेलं. ‘से अ प्रेयर फॉर मी टुनाइट’सुद्धा गेलं आणि दोन वर्षांनी ‘जीजी’ चित्रपटात आलं. म्हणून या पत्रिकेतली गाण्यांची यादी मी नटांच्या नावांआधी वाचते. रचनाकारांनी नंतर पुसलेलं सगळं तिथे छापील राहिलेलं असतं. ब्रॉडवेची पत्रिका देखणी असते, पण तिच्यात निर्णय होऊन गेलेले असतात. मला ओढ असते ती त्याआधीच्या घालमेलीची.

नेपथ्य हलवण्याचा खर्च वाढत गेला आणि न्यूयॉर्कमध्येच पूर्वप्रयोग करायची पद्धत रूढ झाली. १९७६ मध्ये शूबर्ट बंद पडलं. गावाने ते पडू दिलं नाही, हे न्यू हेवनचं मोठेपण. १९८३ मध्ये ते पुन्हा उघडलं.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ इथे ऑक्टोबर १९५९ मध्ये आलं. तेव्हाच्या गाण्यांमध्ये ‘एडलवाइस’ नव्हतं, कारण ते लिहिलं गेलं पुढच्या मुक्कामात, बॉस्टनला. हॅमरस्टाइनचं ते अखेरचं गीत ठरलं. ही पत्रिका माझ्याकडे आहे. ‘द किंग अँड आय’ची, फेब्रुवारी १९५१ ची, अजून नाही. ‘गेटिंग टु नो यू’ हे गाणं त्या संगीतिकेत बॉस्टनला शिरलं, त्यामुळे मला हवी आहे ती न्यू हेवनचीच प्रत. गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी तसं सांगून ठेवलं आहे.