समुद्राकडे तोंड करून

मे महिन्यातली टळटळीत दुपार. गुरुग्राममधल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून, एअर कंडिशनर लावून मंडळी जेवणाच्या टेबलाभोवती बसली होती. टेबलावर एका घराचा नकाशा पसरला होता. ते घर मात्र उभं राहायचं होतं दूर कोकणात, मालवणजवळच्या समुद्रकाठच्या गावात.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने तिथल्या जुन्या घराची कौलं उडवली, माड कोसळून मागची पडवी मोडली. दोन पावसाळे ताडपत्रीखाली निघाले आणि मातीच्या भिंती बसल्या. सासरे नाइलाजाने मुलाकडे राहायला आले खरे, पण चित्त सगळं तिकडेच. प्रॉव्हिडंट फंडाची जपून ठेवलेली रक्कम त्यांनी मुलाच्या हाती दिली होती. दुसऱ्यांदा बांधायची ऐपत नव्हती.

मुलाने हौसेने नकाशा काढून घेतला होता. वर सपाट स्लॅब आणि समुद्राच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच!

"बाबा, पडल्या पडल्या सूर्यास्त दिसेल तुम्हाला."

बाबा काहीच बोलले नाहीत. काही वडील 'नाही' म्हणायचं ते असं गप्प राहूनच म्हणतात. मुलाला ते कळलं नाही, सुनेला कळलं.

तसा मुलाचाही दोष नव्हता. ऑफिसला जाता-येता त्याला दिसत होत्या त्या काचेच्याच इमारती. जिथे उन्हासाठी माणसं आसुसलेली असतात अशा थंड देशांतली ही तऱ्हा, चाळिसाच्या वर पारा जाणाऱ्या गावाने उचलली. आधी काचेतून ऊन आत घ्यायचं आणि मग वीज जाळून ते बाहेर काढायचं!

सून शाळेत शिकवत होती. शिक्षकांच्या एका शिबिरासाठी ती ग्वालपहाडीला जाऊन आली होती. तिथे टेरी या संस्थेने २००० साली बांधलेली 'रिट्रीट' नावाची इमारत आहे. पुढच्या शनिवारी तिने परवानगी काढून दोघांनाही तिकडे नेलं.

बाबांनी ती इमारत अगदी गवंड्याच्या नजरेने पाहिली. जमिनीखाली ४ मीटर खोल पुरलेले, ७० मीटर लांबीचे चार बोगदे. तेवढ्या खोलीवर माती बाराही महिने साधारण २६ अंशांवर राहते. बोगद्यातून ओढलेली हवा उन्हाळ्यात निवून आणि थंडीत उबदार होऊन खोल्यांत येते. दक्षिणेला पानगळीची झाडं, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन. सांडपाणी पाणवनस्पतींच्या मुळांतून शुद्ध होऊन बागेला जातं.

"हे शहाण्याचं काम आहे," बाबा म्हणाले.

झालं! मुलाने लगेच दुसरं टोक गाठलं. "मग गावच्या घरालाही बोगदाच काढू या की!"

बाबा कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसले. "अरे, आपल्याकडे चार मीटर खणलंस तर विहीर होईल!"

गंमत सोडा, पण त्यांचं खरं होतं. गुरुग्रामची उन्हाळी हवा कोरडी. पावसाळ्यातल्या दमट हवेसाठी रिट्रीटमध्येसुद्धा यंत्राची जोड द्यावी लागते. कोकणात हवेला ओल बारमाही आणि दिवसरात्रीच्या तापमानातला फरक थोडा. तिथे गार हवा साठवून उपयोग नाही, वारा आरपार खेळला पाहिजे. पाऊस इथे वर्षाला ६०० मिलीमीटरच्या आसपास, तिथे ३००० च्या घरात. तो येतो तिरका, समुद्राकडून. दुपारचं ऊनही त्याच बाजूने. म्हणजे मुलाची काच नेमकी दोघांच्या तोंडावर!

त्या रात्री नकाशा पुन्हा टेबलावर आला. यावेळी पेन्सिल बाबांच्या हातात होती. पश्चिमेला त्यांनी काच पुसून खोल पडवी काढली. भिंती जांभ्या दगडाच्या, वर उतरतं कौलारू छप्पर. खाऱ्या हवेने काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि स्लॅब फोडतात; शेजारच्या वाडीत दहा वर्षांत पोपडे पडलेली घरं त्यांनी पाहिली होती. जोत्यापुरतं काँक्रीट लागेल, पण खाडीची वाळू त्यात कोणी मिसळणार नाही यावर ते स्वतः उभं राहून लक्ष ठेवणार होते.

मुलगा आता मन लावून ऐकत होता. "पण बाबा, पुन्हा वादळ आलं तर? पडवीत वारा शिरला की छप्पर उचललं जाईल."

बाबा थांबले. हे त्यांना सुचलं नव्हतं. शेवटी पडवीचा सांगाडा मुख्य छपरापासून वेगळा ठेवायचं ठरलं. उडाली तर पडवी उडेल, घर राहील. वासे भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी जखडायचे आणि पट्ट्या गंज न धरणाऱ्या घ्यायच्या, हे मुलाने समासात लिहून ठेवलं. भरतीरेषेपासूनचं अंतर मोजून परवानगी काढायचं कामही त्याच्याकडेच आलं. संडास-न्हाणीघर घरातच हवं, या सुनेच्या हट्टापुढे बाबांनी मान तुकवली.

अकरा वाजून गेले. सून सरबताचे पेले उचलता उचलता नकाशावर वाकली.

"बाबा, पावसाळ्यात लाकूडफाटा आणि नारळ कुठे ठेवायचे?"

दोघेही नकाशाकडे पाहतच राहिले. मग मुलगा उठला आणि खोडरबर शोधू लागला.