मागचा दांडा

भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, बावीस दिवसांचं झालं आणि आमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ गेला. आषाढ अर्धा संपला होता. आमच्या राई गावात तेव्हा लावणीची घाई असते. हे राई म्हणजे भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना मुर्ध्याच्या पुढे लागतं ते. बाहेरच्या माणसाला इथे शेती होते हेच पटत नाही. मिरा-भाईंदर म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर स्टेशनची गर्दी आणि टॉवर येतात. पण रस्त्यापासून आत वळलं की बांध आहेत, खाजण आहे, पलीकडे मिठागरं आहेत आणि आमच्या भावकीची मिळून सव्वा एकर भातजमीन आहे. खाडीकडच्या तुकड्यात पनवेल-३ लावतो, कारण खाऱ्या मातीत ते तग धरतं. वरच्या तुकड्यात कर्जत-३.

मी स्वतः लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. आठवड्याचे सहा दिवस मिरा रोडच्या इमारतींमध्ये मशीनरूममध्ये, एक दिवस शेतात. ट्रॅक्टर तीन चुलत भावांत मिळून घेतलेला, जुनाच. पावसाळ्यात चिखलणी करतो, उरलेलं वर्ष ट्रॉली लावून रेती, डेब्रिस, मंडपाचं सामान, गणपतीत मंडळाची मूर्ती, जे मिळेल ते ओढतो. म्हणजे बिचाऱ्याचा पीटीओ वर्षातून महिनाभरच फिरतो. बाकीचे अकरा महिने खाडीचा वारा खात उभा.

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागे बाहेर आलेलं खाचांचं टोक. इंजिनाची ताकद तिथून बाहेर काढायची आणि रोटावेटर, मळणीयंत्र, पंप, जे जोडाल ते चालवायचं. टोकाला सहा खाचा, व्यास सुमारे ३५ मिलिमीटर, आणि मिनिटाला ५४० फेरे. ५४० च्या पीटीओचे हे आकडे जगभर सारखेच. म्हणून एका कंपनीचा रोटावेटर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो. १९२० च्या सुमारास अमेरिकेत हा प्रकार बाजारात आला. पुढेही प्रत्येकाचं माप वेगळंच राहिलं असतं, तर शेतकऱ्याला अवजारं वापरण्यापेक्षा जुळवण्यातच आयुष्य घालवावं लागलं असतं. आमची आई पीटीओ म्हणत नाही. ती त्याला ‘मागचा दांडा’ म्हणते, आणि त्याला ती भिते. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. माझ्या लहानपणी काकाच्या खांद्यावरचा पंचा त्या दांड्यात गेला होता. काका ओरडायच्या आत पंचा पूर्ण गुंडाळला गेला होता. काकाने तो गळ्याभोवती बांधलेला नव्हता, म्हणून तो काका आजही आहे.

त्या सकाळी लोखंडी जाळीची चाकं लावून चिखलणी सुरू होती. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या आणि मागून आवाज आला. कट, कट, कट, कट. रोटावेटर थांबला. वर उचलला तर हवेत झकास फिरतो. खाली चिखलात टेकवला की पुन्हा कट कट आणि पाती गप्प.

मी फोन करून एक मिस्त्री आणला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई होती. त्याने दोनदा लिव्हर मागेपुढे केला, क्लच दाबून पाहिला आणि निकाल दिला: पीटीओची क्लच प्लेट गेली, ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल. फोडणं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करणं. पंचवीस-तीस हजार आणि चार दिवस. मी मनातल्या मनात चार दिवसांत आवण किती वाढेल ते मोजत होतो. पंचविशीच्या पुढे आवण गेलं की त्याला फुटवे कमी येतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं.

काका बांधावर छत्री घेऊन उभा होता. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने फिटर म्हणून उमेदीची वर्षं काढली. आम्ही त्याला ‘तू’च म्हणतो, आमच्यात तसंच आहे.

“रोटर वर उचलतोय ना?” काकाने विचारलं.

“उचलतोय.”

“मंग प्लेट कशी गेली?”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. मीही. मग काकाने छत्रीच्या टोकाने चिखलात एक रेघ ओढली. हे इंजिन. इथे क्लच. इथून शाफ्ट मागे येतो, वाटेत हायड्रॉलिकचा पंप चालवतो. पंपाच्या मागे जोडाचा स्लीव्ह, आणि स्लीव्हच्या मागे बाहेर येणारा दांडा. आमच्या ट्रॅक्टरात पंप आणि पीटीओ एकाच शाफ्टवर आहेत. रोटावेटरचं सगळं वजन जर त्या पंपावरची लिफ्ट उचलत असेल, तर क्लचपासून पंपापर्यंत सगळं ठीकच असणार. बिघाड पंपाच्या मागे. शिवाय प्लेट घसरली तर जळका वास येतो. कट कट येत नाही. कट कट म्हणजे खाचेतून दात निसटतोय.

मला इतकी लाज वाटली. मी दिवसभर लिफ्टमध्ये हेच करतो: दार उघडत नाही म्हणून मोटर बदलत नाही, आधी कुठपर्यंत करंट येतोय ते बघतो. पण ट्रॅक्टर आपला, शेत आपलं, आवण आपलं, की अक्कल गहाण पडते.

मिस्त्रीला चहा पाजून, त्याच्या फेरीचे पैसे देऊन पाठवला. ट्रॅक्टर कसाबसा घराच्या पडवीसमोर आणला, चाकांना दगड लावले. काकाने चावी काढून कमरेच्या करदोट्याला बांधली. काम संपेपर्यंत ती तिथेच राहिली.

आधी खालचा ड्रेन प्लग काढून तेल सोडलं. तीसेक लिटर तेल दोन टबांत पडलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. तेल काळं नव्हतं. चहात दूध जास्त झाल्यावर दिसतं तसं दुधाळ, पिवळट. म्हणजे पाणी आत गेलेलं. मागच्या दांड्याचं ऑइल सील झिजलं होतं आणि दर पावसाळ्यात चिखलाचं पाणी तिथून चोरपावलांनी आत जात होतं. खाडीलगतच्या तुकड्यातलं पाणी तर मचूळच. काकाने जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून टबात फिरवलं. वर आलं तेव्हा त्याला लोखंडाची मिशी फुटली होती.

मग बाजूची प्लेट, जिच्यावर पीटीओचा लिव्हर बसतो ती. प्लेट काढताना तिच्यासोबत लिव्हरला बांधलेली सायकलची ट्यूब खाली पडली. इथे मी कबुली दिली पाहिजे. आदल्या वर्षी चालता चालता लिव्हर आपोआप मागे सटकायचा. तेव्हा आम्ही भावांनी कारण शोधलं नाही. सायकलची ट्यूब घेतली, लिव्हर ताणून फूटबोर्डच्या बोल्टला बांधला आणि सीझन काढला. सगळ्यांना वाटलं काय डोकं चालवलं! ट्यूबने लिव्हर जागेवर दिसत होता, पण आत लिव्हरची बुश झिजलेली, स्लीव्ह सरकवणाऱ्या चिमट्याची टोकं झिजलेली. बाहेर लिव्हर पूर्ण, आत स्लीव्ह अर्धा. अर्ध्याच खाचांवर सगळा रोटावेटर. वर्षभराने खाचांनी दम तोडला.

काका ट्यूब हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दांडा मागून काढायचा म्हणजे बेरिंगच्या कव्हरचे बोल्ट सोडायचे आणि ओढायचा. बोल्ट गंजून एक झालेले. डिझेल टाकून रात्रभर ठेवले, सकाळी पाना लावून वर पाइप अडकवला तेव्हा एकेक करकर करत सुटला. दांडा बाहेर आला. मागचं टोक, जे आपल्याला रोज दिसतं, ते चांगलं होतं. आतल्या टोकाच्या खाचा मात्र कपडे धुवून धुवून उरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. अर्ध्या लांबीपर्यंत गोल, पुढची अर्धी लांबी कोरी करकरीत. कुठपर्यंत स्लीव्ह पोहोचत होता त्याची रेघच उमटली होती.

आता सुटे भाग. भाईंदरमध्ये रिक्षाचं काहीही मिळतं, लिफ्टचं मिळतं, भांड्यांच्या डायचं मिळतं. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मागितला की दुकानदार चेष्टा समजतो. त्यासाठी जिथे ट्रॅक्टर राहतात तिथे जावं लागतं. मी ड्युटीला दांडी मारली, जुना दांडा गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलला बांधला आणि वाड्याला निघालो. काशिमिरा, वरसाव्याचा पूल, हायवेने शिरसाड फाटा, मग पारोळ, वज्रेश्वरी, अंबाडी, कुडूस. अंबाडी सोडली की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि खाचरांत ट्रॅक्टर. दुकानात जाऊन गोणपाट सोडलं तर माणसाने जुना दांडा हातातही घेतला नाही. नुसता बघून म्हणाला, “लिव्हर बांधून चालवलात ना?” त्याच्याकडे असे दांडे रोज येत असणार. नवा दांडा, स्लीव्ह, चिमटा, दोन सील (एक हाताशी जास्तीचं), बेरिंग आणि पॅकिंगचा कागद घेतला.

लिव्हरची बुश तेवढी मिळाली नाही. ती भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात लेथवर करून घेतली. लेथवाल्याने मापं घेता घेता विचारलं, “राईला अजून शेती हाय? तिकडे तर मेट्रोचं कारशेड होणार होतं.” म्हटलं, ते नंतर डोंगरीला गेलं. तो म्हणाला, “मंग यंदा भात द्या थोडा.” गनमेटलची बुश त्याने दहा मिनिटांत उतरवली. तिच्यावरून अंगठा फिरवला तर एक ओरखडा नाही. आमच्या शहराचं हे मला आवडतं. ट्रॅक्टर म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नाही, पण लोखंड सगळ्यांना कळतं.

सील बसवायचं काम मी मागून घेतलं. दिसायला क्षुल्लक, रबराची एक बांगडी, आत नाजूक ओठ आणि ओठामागे बारीक स्प्रिंग. ओठाची बाजू तेलाकडे पाहिजे, उलटं बसलं तर तेल बाहेर आणि पाणी आत. खरी मेख पुढे असते. सील कव्हरमध्ये बसवून ते दांड्यावरून सरकवताना दांड्याच्या खाचांच्या धारा त्या ओठाला कापतात. कापलेलं कळत नाही, आठवड्याने गळायला लागतं. काका म्हणाला, आईकडून दुधाची रिकामी पिशवी आण. पिशवी धुवून, कापून खाचांवर घट्ट गुंडाळली, वरून ग्रीसचा हात फिरवला, आणि कव्हर हळूहळू सरकवलं. ओठ पिशवीवरून घसरत गेला आणि गुळगुळीत भागावर येऊन बसला. मग पिशवी अलगद ओढून घेतली. त्या क्षणी मी श्वास रोखला होता हे नंतर कळलं.

पॅकिंग काकाने केलं. कागद प्लेटवर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत जायचं. लोखंडाची कडच कागद कापते. बोल्टांच्या भोकांवर एकेक टोला, की छोटी टिकली खाली. पेन्सिल नाही, कात्री नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हात, पण एकही टोला चुकला नाही.

नवं तेल ओतलं. मग काकाने इंजिन बंद असतानाच लिव्हर टाकला आणि मला दांडा हाताने फिरवायला सांगितलं. फिरेना. म्हणजे आता स्लीव्ह पूर्ण बसला, दांडा थेट इंजिनाशी बांधला गेला. लिव्हर काढला, दांडा मोकळा फिरला. असं त्याने पाच वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी मी कंटाळून म्हटलं, “काका, झालं की.” तो म्हणाला, “ट्यूब बांधली तवा पण झालंच होतं.”

तेव्हाच करदोट्यातली चावी सुटली.

चिखलणी दुपारी दोनला सुरू झाली. पाऊस रिपरिप. काकाने सांगितलं म्हणून इंजिन एकदम वाढवलं नाही, क्लच हळू सोडला, पाती हवेत फिरू दिली, मगच खाली टेकवली. पहिल्या फेरीत माझे कान मागेच होते. चिखलाचा आवाज, पात्यांचा आवाज, जाळीच्या चाकांचा छपछप. कट कट नाही. दुसऱ्या फेरीला बगळे मागे यायला लागले, तेव्हा मी पुढे बघायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत वरचा तुकडा आणि खाजणातला अर्धा उरकला. आईने तेवढ्यात आवणाच्या मुठी काढून बांधावर लावून ठेवल्या होत्या. चोविसावा दिवस होता.

अंधारायच्या आधी ट्रॅक्टर पडवीसमोर लावला, इंजिन बंद केलं. काकाने माझ्याकडे हात पुढे केला. मी चावी दिली. त्याने ती करदोट्याला अडकवली, मागे जाऊन वाकला आणि नव्या सीलच्या खालून बोट फिरवलं. बोट उजेडाकडे धरून बघितलं. चिखल होता, तेल नव्हतं. तरीही त्याने ते पंच्याला पुसलं, पुन्हा एकदा फिरवून पाहिलं, आणि आईला म्हणाला, “चा ठेव.”