भट्टीच्या गावाहून निद्रेच्या गावाकडे

वाचकहो, भिलाईत रात्रीचा मुक्काम पडलाच, तर पोलाद कारखान्याच्या दिशेने आभाळ तांबूस होते का, ते अवश्य पाहावे. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवीत नाहीत. तिच्यासाठी माणसांनीच तीन पाळ्यांत जागायचे! रात्रपाळीचा कामगार सकाळी सुटतो तो उगवत्या सूर्यासमोर, आणि प्रकाश डोळ्यांत शिरताच शरीर दिवस उजाडल्याची वर्दी घेते. मग झोप कोठली? घरात मुले दबक्या पावलांनी वावरतात. कुकरची शिट्टीसुद्धा अपराध ठरते.

अशा घराने सुटीत उरुळी कांचनची वाट धरली, तर नवल नाही. दुर्गहून आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्यास उतरावे व तीसएक किलोमीटर पूर्वेस मागे यावे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी येथे राहिले, त्यांनी रुग्णांवर उपचार केले; त्यातूनच निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाईंनी तो पुढे आयुष्यभर सांभाळला. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, साधा आहार, लवकर निजणे. येथे गाढ झोप लागली, तर श्रेय मातीचे की वेळेवर मालवलेल्या दिव्याचे? माझा कौल दिव्याला. मात्र घोरताना श्वास अडकत असेल, तर प्रवासाआधी डॉक्टर गाठावा.

परतल्यावर रात्रपाळी आहेच. तेव्हा खिडकीला जाड काळा पडदा लावावा, पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवावे, की दुपारी दोनपर्यंत घंटी वाजवू नका.