पलटण एक, नावं तीन

११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलजवळ पॅराशूटने उतरलेली २ पॅरा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पुंगली पूल ताब्यात घेऊन तिने मैमनसिंगहून ढाक्याकडे माघारी चाललेल्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली.

पण ही पलटण पूर्वी मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती, हे कुणी सांगत नाही. नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनची सगळी माणसं पडली. हे एकटे धावले. हातबॉम्बने गन बंद केली, एकाला टॉमीगनने टिपला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना मारलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हे फ्लेक्सवर येतं. कूत मात्र येत नाही.

तेव्हा हिचं नाव ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. बगदाद घ्यायची घाई साहेबाला, उपासमार सगळ्यांना. जवळपास पाच महिने वेढ्यात काढून २९ एप्रिल १९१६ ला सगळ्या फौजेला तुर्कांपुढे शरण जावं लागलं. कैदेत वाळवंट तुडवताना किती तरी जण मेले. हरले म्हणून ते आपले नाहीत का?

त्यांचे पणतू आजही कोकणात, देशावर असतील. घरात पणजोबांचं पदक, पेन्शनचा जुना कागद असेल तर भंगारात घालू नका. फोटो काढून मला पाठवा, छापतो.